वास्को द गामा, बोरिवली (पश्चिम)

२० मे १४९८ ला वास्को द गामाची जहाजं कालिकतजवळ नांगर टाकून उभी राहिली, तेव्हा तो स्वतः काही उतरला नाही. आधी शिक्षा झालेल्या एका कैद्याला किनाऱ्यावर पाठवलं. मेलाच तर कैदी मरेल, हा हिशेब. या कैद्याला गावात ट्युनिसचे दोन व्यापारी भेटले. त्यांना स्पॅनिश येत होतं. आफ्रिकेला वळसा घालून आलेल्या या पाहुण्याचं स्वागत त्यांनी शिवी हासडून केलं आणि इथं कुठं कडमडलात, अशा अर्थाचं काहीतरी विचारलं. युरोप आणि भारत यांच्यात थेट समुद्रमार्गे झालेला हा पहिला सुसंवाद.

पुढं गामा सामुतिरी राजाच्या भेटीला निघाला. वाटेत देऊळ लागलं. ते चर्चच आहे, अशी मंडळींची खात्री पटली. आतली देवी म्हणजे मेरी, असं धरून त्यांनी गुडघे टेकले. भिंतीवरच्या संतांना चार-चार हात आणि ओठांबाहेर आलेले दात होते, तेवढं जरा खटकलं. पण परदेशात प्रत्येक ठिकाणी शंका काढत बसलं तर पुढचे पॉइंट राहतात. मग राजासाठी आणलेला नजराणा उघडला: थोडं पट्ट्यापट्ट्यांचं कापड, काही टोप्या, पोवळ्याच्या माळा, हात धुवायची तस्तं, साखर, तेल आणि मध. राजाचा कारभारी हसत सुटला. मक्केहून येणारा गरिबातला गरीब व्यापारीसुद्धा याहून बरं काही आणतो, असं त्यानं तोंडावर सांगितलं.

भाषा येत नाही, देव ओळखू येत नाहीत, भेटवस्तू कुणाच्या तरी लग्नात आलेल्या आणि पुढं सरकवलेल्या, आणि तरी परतल्यावर 'सगळं पाहून आलो' हा तोरा. फॅमिली ट्रिपचं याहून अचूक वर्णन माझ्या वाचनात नाही.

यंदा ही स्वारी उलट्या दिशेनं झाली.

आमच्या तांड्याचा गामा म्हणजे दादा. बायकोचा थोरला भाऊ. तिचा दादा म्हणून आता अख्ख्या इमारतीचाच दादा. बोरिवली पश्चिमेच्या एका पोपडे सुटलेल्या सोसायटीच्या रिडेव्हलपमेंट कमिटीचा अध्यक्ष. त्यामुळे एक्सेल शीट करणं, भांडणं आणि वाट पाहणं या तिन्ही कलांत पारंगत. त्याच्यामागं वहिनी, त्यांचा इतिहास घेऊन बीए करणारा मुलगा (घराण्यातला पहिला, त्यामुळे अजून सगळे काळजीत आहेत), आमच्या सासूबाई, ज्यांना सगळे आईच म्हणतात, माझी बायको आणि शेपटाला मी.

पाहायचं होतं पॅरिस. पण फ्रान्सच्या व्हिसाच्या अपॉइंटमेंट संपल्या होत्या आणि पोर्तुगालच्या शिल्लक होत्या. दादानं एका रात्रीत शीटमधलं पॅरिस खोडून लिस्बन घातलं आणि सकाळी ग्रुपवर 'युरोपातलं सगळ्यात अंडररेटेड शहर' असा व्हिडिओ टाकला. कोलंबसानं याहून वेगळं काय केलं होतं?

मग कागदपत्रं. सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, आयकराची रिटर्न, साहेबानं रजा दिल्याचं पत्र, ३०,००० युरोचा विमा, परत येण्याचं तिकीट आणि परत येण्याची इच्छा असल्याचा पुरावा. पोर्तुगीज आपल्याकडे आले तेव्हा त्यांनी किती महिन्यांचं स्टेटमेंट दिलं होतं, असं भाच्यानं विचारलं. दादा म्हणाला, तू फॉर्म भर. भाच्यानं फॉर्म भरता भरता सांगितलं की, सोळाव्या शतकात अरबी समुद्रात जहाज हाकायचं तर पोर्तुगिजांकडून 'कार्ताझ' नावाचा परवाना विकत घ्यावा लागे. नसला की माल जप्त. समुद्र आपल्या दारचा, परवाना त्यांच्या सहीचा. अकबराची आत्या गुलबदन बेगम हजला निघाली, तीसुद्धा या परवान्यापायी सुरतेत कित्येक महिने अडकून पडली. 'अकबराच्या आत्याला तारीख मिळत नव्हती,' भाचा बायकोकडे बघून म्हणाला, 'माझ्या आत्याला मिळाली. प्रगती आहे.'

लिस्बन सात टेकड्यांवर आहे असं पुस्तकात लिहितात. आईंच्या गुडघ्यांच्या मते त्या जास्त आहेत. फुटपाथ काळ्या-पांढऱ्या दगडांच्या चौकोनी तुकड्यांचे, त्यांची लाटांची नक्षी, आणि असंख्य पावलांनी ते घासून साबणासारखे गुळगुळीत झालेले. फोटोत फार सुंदर येतात. माणूस फोटोत आडवा येतो. आईंनी नऊवारीच्या ठसक्यात नेसलेली सहावारी, खाली पांढरे स्पोर्ट्स शूज आणि डोक्याला माकडटोपी अशा थाटात अल्फामाच्या उतरणीवर पाऊल टाकलं, तेव्हा दोन जपानी पर्यटकांनी ट्रामऐवजी त्यांचाच फोटो काढला.

ट्राम म्हणजे अठ्ठावीस नंबरची. पिवळी, लाकडी, लहानशी, चढावर कुरकुरणारी. ती गल्लीतून जाताना लोक दारात सरकून उभे राहतात. तिच्यात बसायला तासभर रांग, आत बसल्यावर पाकीटमारांपासून सावध राहण्याची पाटी. विरार लोकल पकडणाऱ्या दादाला ही गर्दी वाटेचना. 'यात तर अजून चाळीस माणसं जातील,' असं तो मराठीत ओरडला आणि दारातल्या पोर्तुगीज आजीला खांद्यानं हलकेच आत सरकवून त्यानं ते सिद्धही केलं. आजी काहीतरी पुटपुटली. शब्द कळले नाहीत, पण कालिकतच्या त्या दोन व्यापाऱ्यांचा सूर असाच असावा.

दादा खरा रमला तो बायशा भागात. लिस्बनचा हा एवढाच तुकडा सपाट आणि सरळ रस्त्यांचा, आणि त्याचं कारण भयंकर आहे. १ नोव्हेंबर १७५५, सर्व संतांचा सण. सकाळी लोक चर्चमध्ये, मेणबत्त्या पेटलेल्या, आणि त्या वेळी भूकंप झाला. पाठोपाठ तेजो नदीच्या मुखातून समुद्राची लाट आत आली, आणि उरलंसुरलं त्या मेणबत्त्या आणि चुलींच्या आगीनं कित्येक दिवस जाळलं. राजवाडा गेला. भारताच्या व्यापाराचा सगळा कारभार जिथून चाले ती 'कासा द इंडिया' ही कचेरीसुद्धा गेली. इतक्या संतांच्या दिवशी इतकी चर्चं कशी कोसळली, यावर युरोपातले विद्वान पुढं अनेक वर्षं वाद घालत होते. वाद न घालणारा एक माणूस होता, पुढं मार्केस द पोंबाल झालेला मंत्री. त्यानं मलबा उपसायला लावला, लुटारूंसाठी फाशीचे खांब उभारले आणि म्हाताऱ्या सरकारी इंजिनिअराकडून शहर पुन्हा कसं बांधायचं याचे पर्याय मागवले. भिंतींच्या आत लाकडाचा पिंजरा बसवायची पद्धत ठरली. ती भूकंपात टिकते का हे बघायला नमुन्याच्या इमारतीभोवती सैनिकांना पाय आपटत फिरवलं. सगळ्या इमारती एका मापाच्या, एका उंचीच्या, खिडक्यासुद्धा ठरवून दिलेल्या.

हे ऐकताना दादाच्या डोळ्यांत पाणी. 'एनओसी कुणाकडून घेतली?' त्यानं भाच्याला विचारलं. कुणाकडूनच नाही. 'रहिवाशांची संमती?' विचारलंच नाही. 'आणि राजा कुठं राहत होता तोवर?'

इथं इतिहास खरोखरच दादाच्या मदतीला धावून आला. भूकंपानंतर राजा जोजे पहिला याला दगडी छताखाली झोपायची इतकी दहशत बसली की, त्यानं पुन्हा पक्क्या वाड्यात पाऊल ठेवलं नाही. अजुदा टेकडीवर लाकूड आणि कापडाचा मोठा तळ उभारला, दरबार तिथंच भरला, आणि १७७७ ला मरेपर्यंत महाराज तिथंच. लोक त्याला राजाची झोपडी म्हणत.

'बावीस वर्षं,' दादा पुटपुटला. 'ट्रान्झिट कॅम्पमध्ये.'

त्या क्षणापासून लिस्बन त्याचं झालं. पुढं दिसेल त्या चौकात तो पोंबालचा पुतळा शोधू लागला, आणि सापडला तेव्हा (उंच खांबावर, सोबत सिंह, खाली गाड्यांचा गरगर फिरणारा चौक) त्यानं बूट काढून नमस्कार केला. कालिकतला मेरी समजून गुडघे टेकणाऱ्या गामाच्या मंडळींनी निदान चुकून केलं होतं.

दुसरा मोर्चा बेलेमला. इथूनच जहाजं सुटायची, इथंच सगळी स्मारकं. जेरोनिमोस मठाचं काम १५०१ ला सुरू झालं आणि पैसा आला तो पूर्वेच्या मसाल्यावर बसवलेल्या सुमारे पाच टक्के करातून. खांब बघत राहावेत असे आहेत: दगडात कोरलेले दोरखंड, शंख, वेली, जहाजाची आयुधं. कारागिरांना दाद द्यायला हवी, आणि मी दिली. बायकोनं दाद दिली नाही. 'म्हणजे हे सगळं मिऱ्यावर उभं आहे,' ती म्हणाली. 'मग आतल्या चौकाचं तिकीट आपल्याला कशाला?' तिकीटखिडकीवरच्या मुलीनं ज्येष्ठांची सवलत सांगितली. मिरी पुरवणाऱ्यांची नव्हती.

चर्चमध्ये शिरताच डावीकडे वास्को द गामा झोपलाय. दगडी, हात जोडलेला, दाढी नीट विंचरलेली. समोरच्या बाजूला त्याच्यावर महाकाव्य लिहिणारा कवी कामोइंश. साहेब आणि भाट समोरासमोर. गामा मेला कोचीला, १५२४ च्या नाताळाच्या आदल्या दिवशी. आधी तिथंच पुरला, मग हाडं पोर्तुगालात नेली आणि १८८० ला या मठात आणली. मेल्यानंतरही माणसाचं सामान किती फिरतं!

ऑडिओ गाईडमध्ये धैर्य होतं, वारे होते, तारे होते, दोन संस्कृतींची भेट होती. १५०२ नव्हतं. त्या वर्षी, दुसऱ्या सफरीत, याच माणसानं मक्केहून परतणाऱ्या यात्रेकरूंचं जहाज आत बायकापोरं असताना जाळलं. हे भाच्यानं कुजबुजत सांगितलं, कारण चर्चमध्ये मोठ्यानं बोलायला मनाई आहे. आईंनी थडग्याकडे पाहिलं, पर्समधून काढलेला मोबाईल परत पर्समध्ये ठेवला आणि 'चला' म्हणाल्या. सगळ्या ट्रिपमधली एवढी एकच जागा, जिथं आमच्याकडचा सेल्फी निघाला नाही. दादानं बाहेर येऊन दाराचा फोटो काढला, तो मोजत नाही.

शेजारी बेलेमची प्रसिद्ध मिठाई, छोट्या वाटीच्या आकाराची. १८३४ ला धार्मिक मठ बंद झाले आणि १८३७ पासून मठाची म्हणून सांगितली जाणारी कृती जवळच्या दुकानात विकली जाऊ लागली. बाहेरून कुरकुरीत, आत पिवळंधमक, वर दालचिनी. आईंनी विचारलं, अंडं आहे का? आहे, आणि नुसतं पिवळं. मठात पांढरं कपड्यांच्या खळीला जायचं आणि उरलेल्या पिवळ्याचं गोड करायचे, अशी इथं कथा सांगतात. आईंनी क्षणभर विचार केला आणि निवाडा दिला: बेकरीतलं अंडं चालतं. दुसऱ्या वाटीच्या वेळी निवाडा वाचून दाखवावा लागला नाही.

नदीकाठी शोधांचं स्मारक आहे. छपन्न मीटर उंच, जहाजाच्या आकाराचं, दोन्ही बाजूंनी दगडी पुरुष एकमेकांना ढकलत पुढं चाललेत. सगळ्यात पुढं हेन्री द नॅव्हिगेटर. हा नाविक स्वतः मोरोक्कोच्या पलीकडे कधी गेला नाही, माणसं पाठवायचा. कमिटीचा अध्यक्ष. दादाला तो लगेच आवडला. वहिनींनी मोजून सांगितलं की, तेहतीस आकृत्यांत बाई एक, तीही हेन्रीची आई म्हणून. फ्रान्सिस झेवियर आहे. त्याचं शव जुन्या गोव्यात, दगड इथं. गोवा घेणारा अल्बुकर्क आहे. गोव्यात दोन-अडीचशे वर्षं चाललेलं इन्क्विझिशन नाही, पण ते दगडात कोरायला अवघडच.

मला या स्मारकाची कुंडली जास्त आवडली. १९४० ला साम्राज्याचं मोठं प्रदर्शन भरलं, त्यासाठी हे तात्पुरत्या सामानाचं उभारलं होतं. तात्पुरतं आहे हे आधी सांगून तात्पुरतं बांधण्याची ही पद्धत आपल्या समुद्रकिनाऱ्यावरही यायला हरकत नाही. पुढं १९६० ला तेच काँक्रीट आणि दगडात कायमचं केलं. १९६० ला साम्राज्याचं कायमचं स्मारक, आणि डिसेंबर १९६१ मध्ये छत्तीस तासांत गोवा गेला. मुहूर्त कुणी काढला होता कोण जाणे.

समोरच्या फरसबंदीवर जगाचा नकाशा आहे, त्यावर जहाजं आणि सालं. म्हणजे कोण कधी 'सापडलं' ते. शाळेची पोरं आफ्रिकेवरून आशियात उड्या मारत होती. आमची मंडळी भारतावर उभी राहिली. सहाजणांना भारत पुरला नाही. मी हिंदी महासागरात.

पुढचा बेलेमचा मनोरा पाहायचा तो एका गेंड्यासाठी. अल्बुकर्कला दीवला किल्ला बांधायचा होता. त्यानं गुजरातच्या सुलतान मुजफ्फरशहाकडे वकील पाठवून रीतसर परवानगी मागितली. सुलतानानं परवानगी नाकारली आणि गेंडा दिला. नकाराचं इतकं ऐसपैस पत्र कुठल्याच कचेरीतून निघालं नसेल. अल्बुकर्कनं तो पुढं राजाला धाडला. गेंडा लिस्बनला उतरला २० मे १५१५ ला, म्हणजे गामाच्या कालिकतच्याच तारखेला. राजानं त्याची हत्तीशी झुंज लावली, हत्ती पळाला. मग राजानं गेंडा हिरवा मखमली पट्टा बांधून पोपला पाठवला आणि इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडालं. तिकडे न्यूरेंबर्गला आल्ब्रेख्ट ड्यूरर या चित्रकाराकडे कुणाचं तरी पत्र आणि एक रेखाटन पोचलं. गेंडा न बघता त्यानं चित्र काढलं: अंगावर चिलखताचे पत्रे, पाठीवर एक जादा शिंग. हे चित्र युरोपभर इतकं फिरलं की पुढची दोनशेहून जास्त वर्षं गेंडा असाच असतो हे सगळ्यांना ठाऊक होतं. फॉरवर्ड करण्याआधी खात्री करून घ्या, असं तेव्हाही कुणी म्हणत नव्हतं.

मनोऱ्याच्या एका बुरुजाखाली या गेंड्याचं डोकं कोरलंय. पाच शतकांच्या खाऱ्या वाऱ्यानं त्याचं नाक झिजलंय. दादानं चार वेगवेगळे दगड गेंडा म्हणून जाहीर केले. पाचवा खरा निघाला. कातडीवरून ओळखला, म्हणाला. मंत्रालयात जाऊन जाऊन नजर बसली आहे.

जेवणाचं थोडक्यात सांगतो, कारण ते थोडक्यातच झालं. हॉटेलात बसल्याबरोबर न मागता पाव, लोणी आणि ऑलिव्ह येतात. दादानं 'किती अगत्यशील माणसं' म्हणत सगळं संपवलं आणि आणखी मागवलं. बिलात अगत्याचे पैसे होते. न मागवलेलं परत पाठवता येतं, पण ते खाण्याआधी. बाकी मेन्यूत सुका, खारवलेला कॉड मासा इतक्या प्रकारांनी होता की, शाकाहारी म्हणून विचारल्यावर वेटरनं विचारपूर्वक ट्यूनाचं सॅलड सुचवलं. खोलीवर परतून मेतकूट-भात.

खरा स्फोट मात्र एका साध्या कॅफेच्या काउंटरवर झाला. काचेआड त्रिकोणी, तळलेला, कडा दुमडलेला समोसा. आईंना दहा पावलांवरून दिसला. पाटीवर 'शमूसा'. आत मांस. काउंटरवरचा मुलगा अभिमानानं म्हणाला, पोर्तुगीज पदार्थ आहे, फार जुना. खरं तर तो गोव्याच्या वाटेनं तिथं पोचला आणि आता लिस्बनच्या कुठल्याही कॅफेत मिळतो. पण दादाचा जो पारा चढला! १५१० ला गोवा घेतला, आम्ही सोसलं. मसाल्यावर मठ बांधला, आम्ही तिकीट काढून पाहिला. समोसा? भाचा हळूच सांगायला गेला की समोसा मुळात मध्य आशियातून आपल्याकडे आला, आणि आतला बटाटा तर याच लोकांनी... त्याला वहिनींनी डोळ्यांनीच गप्प केलं. इतिहास बीएला ठीक आहे, भुकेल्या माणसापुढं काढू नये.

मुंबईकरांसाठी लिस्बनमध्ये एकच सक्तीची जागा आहे आणि कुणी तिथं नेत नाही: साओ व्हिसेंत द फोरा. टेकडीवरचा पांढरा मठ, निळ्या फरशांच्या चित्रांनी भरलेला, आणि ब्रागान्सा राजघराण्याची थडगी. त्यांत कॅथरीन. हिच्या लग्नात मुंबई इंग्लंडच्या राजाला आंदण गेली. करार १६६१ चा. दादा थडग्यापुढं हात मागं बांधून उभा राहिला आणि चौरस फुटाचा भाव काढू लागला. पुढं १६६८ ला इंग्लंडच्या राजानं ही बेटं कंपनीला वर्षाला दहा पौंड भाड्यानं दिली, हे कळल्यावर त्याला खाली बसावं लागलं.

ताब्याची गोष्ट त्याहून मुंबईची. करार झाला, इंग्रजांची माणसं ताबा घ्यायला आली, आणि पोर्तुगीज अधिकारी म्हणाले, कागद नीट नाहीत. इंग्रजांचं म्हणणं, ठाणे आणि साष्टीही यात येतात. पोर्तुगिजांचं म्हणणं, फक्त मुंबई बेट. तोवर त्या बिचाऱ्या फौजेनं कारवारजवळच्या अंजदीव बेटावर मुक्काम ठोकला आणि त्यातली बहुतेक माणसं, सरदारासकट, आजारानं तिथंच मेली. प्रत्यक्ष ताबा १६६५ ला.

'पझेशन चार वर्षं लेट,' दादा म्हणाला. 'म्हणजे ही पद्धत तेव्हापासूनची.' मग एकदम: 'थांब. साष्टी त्यात नव्हती? म्हणजे बोरिवली?'

नव्हती. बोरिवली आंदणात गेलीच नाही. ती पोर्तुगिजांकडेच राहिली, आणि १७३७ ला मराठ्यांनी साष्टी घेतली तेव्हा आपल्याकडे आली. दक्षिण मुंबईवाले आंदणाचे, आम्ही जिंकलेले, हा नवा सिद्धान्त दादानं त्या थडग्यापुढंच मांडला. पुरावाही त्याच्या दाराशी आहे. मंडपेश्वरची लेणी बोरिवली पश्चिमेलाच; प्राचीन शिवलेणी, आणि वर पोर्तुगीज मठाचे पडके अवशेष. खाली शंकर, वर फ्रान्सिस्कन, बाजूला इमारती. दादा तिथं रोज सकाळी चालायला जातो. 'ते पडकं आहे ते पोर्तुगीज होय?' त्यानं विचारलं. 'मी समजत होतो, बिल्डर पळाला.'

तेजोवरच्या लाल पुलाचं नाव आधी सालाझार पूल. १९६६ ला बांधला. १९७४ च्या एप्रिलच्या २५ तारखेला लष्करानं, बंदुकांत कार्नेशनची फुलं खोचून, हुकूमशाही संपवली आणि पुलाचं नाव झालं २५ एप्रिल. त्या वर्षाच्या शेवटच्या दिवशी पोर्तुगालनं गोवा भारताचा असल्याचं कागदोपत्री मान्य केलं, तेरा वर्षांनी. गोवा जाणार नाही म्हणून हट्ट धरून बसलेला हुकूमशहा सालाझार त्याआधीच गेला होता. १९६८ ला खुर्चीवरून पडला, मग मेंदूचा झटका आला, पंतप्रधानपदी दुसरा आला, पण हे त्याला कुणी सांगितलं नाही. जुने सहकारी येऊन गंभीर चेहऱ्यानं राज्यकारभाराच्या गोष्टी करत राहिले. १९७० ला तो पंतप्रधान म्हणूनच मेला, निदान स्वतःच्या मते. पक्षाच्या ज्येष्ठांचं काय करायचं, या प्रश्नावर आमच्याकडे एवढा सौजन्यपूर्ण तोडगा अजून निघालेला नाही.

आणि ज्या देशानं गोवा सोडायला नकार दिला, त्याचा पंतप्रधान २०१५ ते २०२४ होता आंतोनियो कोश्ता, ज्याच्या वडिलांचं घराणं मडगावचं आणि घरचं नाव बाबुश. त्यानं २०१७ ला भारतात येऊन ओसीआय कार्ड घेतलं. त्याच सुमाराला १९६१ आधीच्या गोव्यात जन्मलेल्या आजोबांचे दाखले घेऊन गोंयकार लिस्बनच्या नोंदणी कचेरीत नावं लावत होते, कारण त्या पासपोर्टवर लंडन गाठता येत होतं. एक रांग इकडून तिकडे, एक माणूस तिकडून इकडे. दादानं विचारलं, आपलं काही जमेल का? आजोबा चिपळूणचे. जमणार नाही.

शेवटी पोटभर जेवलो ते लुमियार भागातल्या राधाकृष्ण मंदिराच्या खानावळीत. पोळी, डाळ, भात, भाजी, कढी. तिथं बहुतेक गुजराती, आणि त्यांतल्या अनेक घराण्यांचा प्रवास काठियावाड-दीवकडून मोझांबिकला आणि १९७५ ला मोझांबिक स्वतंत्र झाल्यावर तिथून लिस्बनला. आमच्या टेबलाशी एक काकी आल्या. आईंनी मराठीत विचारलं, त्यांनी गुजरातीत उत्तर दिलं, अधेमधे दोघींनी हिंदीची मोडतोड केली, आणि काकींनी नातवाला पोर्तुगिजात दम भरला. दोघींच्या गुडघ्यांची तुलना झाली. डॉक्टरांच्या फीची झाली. कढी दुसऱ्यांदा आली. दादानं आम्ही उतरलो त्या घराच्या मालकिणीला द्यायला आणलेला आणि तिनं शंकेनं परत केलेला फायबरचा गणपती आईंनी काकींना दिला. त्यांनी तो डोक्याला लावून घेतला. नजराणा नाकारला गेला नाही, अशी ही आमच्या स्वारीतली एकमेव भेट.

परतल्यावर दादानं सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत 'लिस्बन मॉडेल' या नावानं सादरीकरण केलं. भूकंप, पोंबाल, लाकडी पिंजरा, पाय आपटणारे सैनिक, बावीस वर्षं तंबूत काढणारा राजा, सगळं स्लाइडवर. राजाच्या स्लाइडला बायकांच्या बाजूनं हुंदका आला म्हणतात. प्रश्न मात्र एकच आला, तळमजल्यावरच्या काकांचा: पार्किंग माणशी किती? सेक्रेटरींनी ठरावाच्या वहीत नोंद केली, 'विकासक श्री. पोंबाल यांच्याकडून पार्किंगबाबत लेखी खुलासा मागवावा.'